खर्जातला ट्रक

साडीची खरेदी आणि कॅमशाफ्टची खरेदी यांत मूलतः काहीही फरक नाही. दोन्हीकडे माल अमर्याद असतो, दोन्हीकडे दुकानदार "हा बघा, हा तर नुकताच आलाय" म्हणून आणखी एक गठ्ठा समोर टाकतो, आणि दोन्हीकडे सोबत आलेल्या माणसाचे मत पैसे देणाऱ्यापेक्षा जास्त ठाम असते. फरक काढायचाच तर एवढाच, की नेसलेली साडी चारचौघांना दिसावी अशी इच्छा असते. कॅमशाफ्ट मात्र एकदा इंजिनात बसला की त्याचे तोंड या जन्मी पुन्हा दिसू नये अशी देवाजवळ प्रार्थना करायची असते.

आता मराठी माणसाला कॅमशाफ्टची गरज पडावीच का, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर भूगोलात आहे. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग गावाजवळ राहतो. हे शहर तीन नद्यांच्या काठी वसले आहे असे पुस्तकांत लिहितात. नद्या तीन आहेत हे खरे, पण काठ म्हणून जो प्रकार असतो तो शोधावा लागतो. नदी संपली की लगेच डोंगर सुरू. इथे कँटन अ‍ॅव्हेन्यू नावाचा एक छोटासा रस्ता आहे, त्याचा चढ १०० फुटांना ३७ फूट आहे. आपला बोरघाट घ्या. कर्जतला गाडी थांबते आणि तिला ढकलायला मागे जादा इंजिने लावतात. तो चढ ३७ फुटांना १ फूट आहे. म्हणजे ३७ हा आकडा दोन्हीकडे तोच. फक्त पिट्सबर्गकरांनी तो भलत्या जागी वापरला!

अशा या गावात आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो, आणि तो ज्या सभागृहात बसतो ते अर्थातच टेकडीवर आहे. मूर्ती, मखर, रंगमंचाच्या फळ्या, ६० घडीच्या खुर्च्या आणि महाप्रसादाची पातेली वर नेण्याच्या कामासाठी कार्यकारिणीने माझी एकमताने निवड केली. माझ्या अंगच्या गुणांचा या निवडीशी संबंध नव्हता. माझ्याकडे ट्रक आहे.

इथे ट्रक म्हणजे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला, लिंबू-मिरची लटकवलेला आपला ट्रक नव्हे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, अशी जी गाडी असते ती. तिला इकडे पिकअप म्हणतात. आपल्याकडे पिकअप ही गाडीच्या आत असण्याची वस्तू आहे. "गाडी बरी आहे हो, पण पिकअप नाही," असे आपण म्हणतो. इकडे सबंध गाडीच पिकअप. माझ्या बाबतीत दोन्ही भाषांचा संगम झाला होता. माझ्या पिकअपला पिकअप उरला नव्हता.

हे उघडकीला आले ते ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी. सभागृहाच्या अलीकडे चढावरच एक थांब्याची पाटी आहे. मी कायद्याप्रमाणे थांबलो. मागे तीन हजार पौंडांचा ट्रेलर, शेजारी आमची ही, आणि तिच्या मांडीवर साक्षात गजानन. थांबल्यावर पुन्हा निघायचे म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले. ट्रक जागचा हलला नाही. आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडले, आणि ट्रक विचार केल्यासारखा दोन इंच मागे आला. हिने एका हाताने मूर्ती आणि दुसऱ्या हाताने दरवाजाची मूठ घट्ट धरली. शेवटी मंडळाच्या सहा कार्यकर्त्यांनी मागून ढकलून, मोरयाचा गजर करीत, बोरघाट पद्धतीने आम्हांला वर पोचवले. गजर फार छान झाला. पण हिचा हात अर्धा तास थरथरत होता, आणि पुढल्या वर्षी ती मूर्ती घेऊन या ट्रकात बसेल की नाही, हे त्या क्षणी गणपतीलाही माहीत नव्हते.

ट्रक १९७८ सालचा शेवरोले. तो मला शेजारच्या आजोबांनी विकला. विकला म्हणण्यापेक्षा दत्तक दिला. आजोबा ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी ते पोलादाच्या कारखान्यात टर्नर होते. १९८०च्या दशकात इथले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले तेव्हा त्यांचाही गेला. त्यानंतर याच ट्रकातून भंगार, सरपण, दुसऱ्यांचे फ्रीज असे काय काय वाहून त्यांनी दोन मुली वाढवल्या. गुडघ्यांमुळे केबिनची पायरी चढवेना तेव्हा त्यांनी ट्रक मला दिला, आणि दर शनिवारी त्याची ख्यालीखुशाली विचारायला यायचे ठरवून टाकले. ते मला 'डॉक' म्हणतात. मी डॉक्टर नसून पाणीपुरवठ्याचा इंजिनियर आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितले. "हरकत नाही डॉक," असे त्यांनी तिन्ही वेळा मोठ्या मनाने म्हटले.

झाल्या प्रकारानंतरच्या शनिवारी आजोबांनी बॉनेट उघडायला लावले, कान लावला, आणि एका बाजूची 'टक् टक्' ऐकून व्हॉल्व्हवरचे झाकण काढायला सांगितले. मग डायल गेज लावून एकेक पुशरॉड किती उचलला जातो ते मोजले. पंधरा जण इमानेइतबारे उचलले जात होते. सोळावा सरकारी कचेरीतल्या माणसासारखा नुसता उठल्याचा आव आणत होता.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. या इंजिनात आठ सिलिंडर. प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, एक ताजे मिश्रण आत घ्यायला आणि एक जळका धूर बाहेर सोडायला. हे सोळा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे ठरवणारा जो लोखंडी दांडा, तो कॅमशाफ्ट. त्याच्यावर सोळा उंचवटे असतात, आणि इंजिनाच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा त्याची एक होते. लग्नात भटजींचे जे काम तेच इंजिनात कॅमचे. अंतरपाट केव्हा धरायचा, केव्हा काढायचा, हे तो सांगतो. वधूवर तयार असोत, वाजंत्री तयार असोत. भटजींची वेळ चुकली की सगळे मांडव डोक्यावर घेतात. आमच्या सोळापैकी एक उंचवटा झिजून गेला होता. दोष कोणाचाच नव्हता. चाळीसहून अधिक वर्षे लोखंडावर लोखंड घासत होते.

"मला गुडघे दोनच," आजोबा म्हणाले, "ह्याला सोळा. एक गेला तर नवल काय!"

कॅम बदलायचा ठरल्याची बातमी हिने फोनवरून न्यू जर्सीला पोचवली आणि शुक्रवारी रात्री माझा मेव्हणा दारात हजर झाला. मेव्हणा कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसाला पैलवान, तांबडा रस्सा आणि इंजिन या तीन विषयांवर बोलायला शिक्षण लागत नाही. त्यातून याचे बालपण उद्यमनगरातल्या लेथच्या आवाजात गेलेले.

"दाजी," चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो म्हणाला, "कॅम घालायचाच तर असा घाला, की गाडी गल्लीच्या टोकाला उभी असली तरी घरातल्या कपबश्या हलल्या पायजेत."

त्याने कॅटलॉगही आणला होता. या इंजिनासाठी कॅम किती प्रकारचे मिळतात हे सांगून वाचकांचा विश्वास बसणार नाही. शेवरोलेने या घराण्यातले पहिले इंजिन १९५५ मध्ये काढले, २६५ घनइंचांचे. माझ्या ट्रकातले ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, भावंड १९६७ मध्ये आले. २०११ मध्ये या घराण्याचे दहा कोटीवे इंजिन बनले. इतका गोतावळा झाल्यावर या इंजिनाची गत आमटीसारखी झाली आहे. प्रत्येक घरची फोडणी वेगळी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची आमटी बिघडलेली वाटते.

कॅटलॉगची भाषा मात्र ओळखीची निघाली. ती थेट वधूवर सूचक मंडळाची होती. 'शांत स्वभाव, सर्वांशी जुळवून घेणारा' म्हणजे साधा कॅम. 'आवाजात किंचित रुबाब' म्हणजे मधला. 'फक्त जाणकारांसाठी' म्हणजे ज्याचे कोणाशी पटत नाही तो. मेव्हण्याचे बोट या शेवटच्या स्थळावर होते.

"दोनशे चौतीस अंशांचा! आयडलला उभी असताना काय घुमतीय बघा गाडी. नुसतं गुड्... गुडगुड्... गुड्!"

व्हॉल्व्ह किती काळ उघडा ठेवायचा ते कॅमवाले अंशांत सांगतात. टॅपेट ०.०५० इंच उचलला की मोजायला लागायचे, परत तेवढ्यावर उतरला की थांबायचे. आकडा जितका मोठा तितके दार जास्त वेळ उघडे. आणि जास्त वेळ उघडे म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असा मेव्हण्याचा सरळ हिशेब होता. सरळ हिशेबात एकच अडचण असते. हवेला तो ठाऊक नसतो.

पिस्टन खाली जाताना मिश्रण आत ओढून घेतो. तळाला पोचून तो वर निघाला तरी आत येण्याचे दार अजून थोडे उघडेच असते, आणि मोठ्या कॅमवर ते फारच उशिरा लागते. इंजिन मिनिटाला ५ हजार फेऱ्यांनी पळत असेल तर यात फायदा आहे. आत घुसणाऱ्या हवेला असा वेग असतो की पिस्टन उलट फिरला तरी ती, दादर स्टेशनात गाडीत शिरणाऱ्या गर्दीसारखी, आत रेटतच राहते. पण फेऱ्या दीड हजारच असल्या तर मागून रेटा नसतो. मग वर येणारा पिस्टन नुकत्याच आलेल्या पाहुण्यांना त्याच दाराने परत घालवतो. जेवण नाही, पानसुपारी नाही. निम्मी मंडळी बाहेर गेल्यावर आत जो बार उडायचा तो फुसकाच उडणार.

दुसरी भानगड अशी, की मोठ्या कॅमवर धूर जाण्याचे दार नीट लागण्याआधीच मिश्रण येण्याचे दार उघडते, आणि वाड्याची पुढची-मागची दोन्ही दारे बराच वेळ सताड राहतात. इंजिन मंद असताना थोडा धूर उलटा फिरून ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिनाला ठसका लागतो. मेव्हणा ज्याला घुमणे म्हणत होता तो हा ठसका. शिवाय त्यामुळे इंजिनातला व्हॅक्यूम कमी होतो, आणि ट्रकचे पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमच्या जोरावर लागतात. थोडक्यात, गाडी चढावर चढणार नाही, उतारावर थांबणार नाही. पण आवाज उत्तम.

शनिवारी आजोबा आले. कॅटलॉगकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"डॉक, हा ट्रक दिवसभर असतो कुठे?"

"गॅरेजमध्ये."

"तसं नव्हे. फेऱ्यांच्या हिशेबात कुठे असतो?"

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.७३, चाक २९ इंच उंच, शेवटचा गिअर सरळ एकास एक. मी आकडेमोड केली. ताशी ३० मैलांना इंजिनाच्या फेऱ्या १३००. ताशी ६० मैलांना २६००. म्हणजे माझ्या ट्रकचे उभे आयुष्य साधारण बाराशे ते सव्वीसशे या गल्लीतच चालले होते. मग मेव्हण्याने निवडलेला कॅम ज्या ६ हजार फेऱ्यांवर खुलतो, तिथे शेवटच्या गिअरमध्ये पोचायला काय वेग लागेल तेही काढले. उत्तर आले ताशी १३९ मैल. ताशी १३९ मैलांनी गणपती नेला तर तो प्रतिष्ठापनेला पोचायचा नाही. परस्पर विसर्जनच व्हायचे, आणि तेही आमच्यासकट.

"पण दाजी, हॉर्सपॉवर?" मेव्हणा हटायला तयार नव्हता.

हॉर्सपॉवर हा शब्द ऐकला की पुरुषमाणसाचा विवेक सुटतो. वास्तविक तो साधा गुणाकार आहे. टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळून ओढण्याची ताकद. ती फूट-पौंडांत घ्यायची, तिला फेऱ्यांनी गुणायचे आणि ५२५२ ने भागायचे, की झाली हॉर्सपॉवर. ३०० फूट-पौंडांची ओढ २ हजार फेऱ्यांना असली तर ११४ हॉर्सपॉवर. तीच ओढ ४ हजार फेऱ्यांना असली तर २२८. जाहिरातीत २२८ छापतात. पण थांब्याच्या पाटीपाशी, चढावर, मांडीवर मूर्ती असताना जे काही लागते ते फेऱ्या कमी असतानाच लागते. खालचा गिअर टाकून इंजिन पळवता येते हे खरे. पण खालचा गिअर त्या दिवशीही होताच, आणि वर्षभर इंजिन किंचाळत ठेवले तर पेट्रोल आणि शेजारधर्म दोन्ही आटतात.

मला एकदम गाण्याची बैठक आठवली. टाळी पडते ती तारसप्तकातल्या तानेला. पण गवयाची सकाळ खर्ज लावण्यात गेलेली असते, आणि तिथे टाळ्या द्यायला कोणी नसते. आमच्या ट्रकाला खर्जच हवा होता. त्याला मैफल मारायचीच नव्हती. खुर्च्या पोचवायच्या होत्या.

मग प्रश्न आला इनटेक मॅनिफोल्डचा. कार्बोरेटरपासून आठ सिलिंडरांपर्यंत मिश्रण पोचवणारी जी नळांची जोडणी तिला मॅनिफोल्ड म्हणतात. जुने बिडाचे होते. काढताना त्याचा एक बोल्ट गंजून बसलेला निघाला आणि बोल्टाभोवतीचा कानच तुटून आला. ("एवढ्या वर्षांनी कान धरून घराबाहेर काढलं तर दुसरं काय होणार?" इति आजोबा.) मेव्हण्याने लगेच एक उंच, रुबाबदार, एकाच पोकळीचे मॅनिफोल्ड दाखवले. ते बसवल्यावर बॉनेट बंद होणार नाही, ही त्याच्या मते त्यातली मुख्य शोभा होती.

पण आता विषय नळांचा होता, आणि मी सावरून बसलो. तीस वर्षे मी गावाला पाणी पुरवतो आहे. बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जाते हे पोरांनाही कळते. तोंड लहान केले की वेग वाढतो. इंजिन मंद फिरत असताना हवेची मागणीच थोडी असते. तेव्हा नळ रुंद असला तर मिश्रण त्यातून रमतगमत जाते, आणि पेट्रोलचे थेंब वाटेतच भिंतींवर बसून राहतात. नळ अरुंद आणि लांब असला तर मिश्रण वेगाने आत शिरते. वरच्या फेऱ्यांना तोच नळ अपुरा पडतो, हेही खरे. एकाच नळाने श्रावण आणि वैशाख दोन्ही साधत नाहीत.

शिवाय मॅनिफोल्डात दोन जाती. एक म्हणजे मेव्हण्याची, एका पोकळीची. तिच्यात आठही सिलिंडर एकाच नळकोंडाळ्यावर येतात. दुसरी दोन मजली चाळ. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. चाळीच्या एका मजल्यावर १, ४, ६, ७ यांची बिऱ्हाडे. दुसऱ्यावर ८, ३, ५, २ यांची. क्रम ताडून पाहा. एकदा या मजल्याचा भाडेकरू नळावर येतो, एकदा त्या मजल्याचा. बादली बादलीला लागत नाही. मंद इंजिनाला यासारखे सुख नाही. या धंद्यातले एक मोठे नाव म्हणजे व्हिक एडेलब्रॉक. त्यांनी आपल्या १९३२च्या फोर्डसाठी पहिले मॅनिफोल्ड १९३८ मध्ये बनवले ते शर्यतीसाठी. पण त्यांच्याच कंपनीने पुढे असली दोन मजली मॅनिफोल्डेही घरोघर पोचवली. शर्यत जिंकणाऱ्यालाही शेवटी भाजी आणायला जावेच लागते.

राहता राहिली पत्रिका. कॅम एकटा घेता येत नाही. तो सगळ्या घराशी जुळवावा लागतो. मॅनिफोल्ड, कार्बोरेटर, डिफरन्शियल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर, एक्झॉस्ट, सगळ्यांचे गुण मिळाले पाहिजेत. १९७०च्या दशकात धुराचे नियम आणि शिसे नसलेले पेट्रोल आले तेव्हा इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले गेले होते. आमच्या ट्रकाचेही बेताचेच. असल्या इंजिनाला २३४ अंशांचा कॅम म्हणजे कडक मंगळ. आधीच दाब कमी, त्यात दार उशिरा लागणार, मग उरलासुरला दाबही बाहेर.

एवढी चर्चा होईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. आतून ही आली. तिने कॅटलॉग हातात घेतला, दोन मिनिटे वाचला आणि मिटला.

"अहो, मागच्या वर्षी त्या चढावर मूर्ती मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

आम्ही तिघेही गप्प. तिचा प्रश्न आजोबांना मराठीत कळला नाही, पण रोख बरोबर कळला.

"मग ज्याच्यापुढे 'शांत' लिहिलंय तोच घ्या. आणि दादा, तुला कपबश्या हलवायच्या असतील तर त्या सिंकमध्ये पडल्यात, विसळून हलव."

तेव्हा स्थळ पक्के झाले. आत घेणारे दार २०४ अंश, बाहेर सोडणारे २१४. दोन्ही उंचवट्यांच्या शिखरांमधले अंतर ११२ अंश. दोन मजली अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड, आणि कार्बोरेटर जुनाच. त्याची पुढची दोन तोंडे बारीक आणि मागची दोन मोठी असतात. रोजचा कारभार बारीक तोंडांवर चालतो, मोठी तोंडे पाहुणे आले तरच उघडतात. ज्याने हे योजले त्याच्या घरी संसाराची शिस्त असली पाहिजे.

दोन शनिवार काम चालले. आजोबा स्टुलावर बसून पान्ह्याचा नंबर सांगत, मी वाकून पान्हा फिरवत असे. नव्या कॅमबरोबर सोळाही टॅपेट नवे घालावे लागतात. जुन्या उंचवट्याशी झिजलेला टॅपेट नव्याचे घर बुडवतो. प्रत्येक उंचवट्याला अगदी किंचित उतार असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवती फुगडी घालतो. फुगडी थांबली की झीज सुरू. ऑईलही खास, जस्त आणि फॉस्फरस भरपूर असलेले. साध्या ऑईलमधला फॉस्फरस २००४च्या सुमारास आणखी कमी करण्यात आला, कारण तो नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. नव्यांची तब्येत राखताना जुन्यांचे पथ्य कोणाच्या ध्यानात राहत नाही, हा अनुभव ट्रकांपुरता नाही.

आणि मग ती २० मिनिटे आली. असला नवा कॅम बसवल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हावे लागते, आणि सुरू झाल्याबरोबर २ ते अडीच हजार फेऱ्यांवर २० मिनिटे ते धरून ठेवावे लागते. आयडलला सोडायचे नाही. कारण कॅमला तेल मिळते ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि क्रँक मंद फिरला तर शिंतोडे उडत नाहीत. या २० मिनिटांत लोखंडाची लोखंडाशी ओळख पटली तर पुढची ४० वर्षे निर्धास्त. नाही पटली तर त्याच संध्याकाळी सगळे परत उघडा, आणि इंजिनभर पसरलेला लोखंडाचा कीस वेचत बसा. मी किल्ली फिरवली. इंजिन लागले. आजोबांनी घड्याळ हातात धरले. आम्ही कोणी बोललो नाही. १२ व्या मिनिटाला ही बाहेर येऊन उभी राहिली, १५ व्या मिनिटाला तिने मनातल्या मनात काहीतरी म्हटले असावे, आणि २० व्या मिनिटाला आजोबांनी घड्याळ खिशात टाकले. मग त्यांनी एक हात मडगार्डवर ठेवला आणि तो तसाच पुष्कळ वेळ ठेवला. इंजिन आयडलला शांत चालत होते. ठसका नव्हता, टक् टक् नव्हती.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघे होतो. मी, खिडकीशी आजोबा, आणि मध्ये मांडीवर मूर्ती घेऊन ही. आजोबांना पायरी चढवायला मेव्हणा आणि मी दोघे लागलो. बसल्यावर त्यांनी मूर्तीकडे नीट पाहून विचारले, "या साहेबांचं वजन धरलं होतंस ना हिशेबात?" त्या पाटीपाशी मी थांबलो. ट्रेलर मागे तोच, चढ तोच. मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकेच टेकवला आणि ट्रक निघाला. गर्जना नाही, धक्का नाही; म्हातारा बैल जुवाला मान लावतो तसा. हिने मूर्तीवरचा हात सैल करून पदर नीट केला.

मागून आपल्या गाडीतून येणारा मेव्हणा वर पोचल्यावर जरा हिरमुसलेला दिसला. "दाजी, आवाजच येत नाही की हो!"

आवाज येत होता. घाटभर मागच्या ट्रेलरमध्ये ६० खुर्च्या खडखडत होत्या, आणि गेली कित्येक वर्षे इंजिनाच्या ओरडण्यापुढे त्या कधी ऐकूच आल्या नव्हत्या. आजोबांनी उतरता उतरता तेवढेच सांगितले. "डॉक, पुढच्या वेळी दोर थोडा घट्ट बांध."